लाल गोगलगाय अल्बिनो, पांढरी नाही! गोगलगायींच्या रंगाचं गणित

[टेबलावर दोन काचेच्या बरण्या. कॅमेरा आधी बरण्यांवर, मग चेहऱ्यावर.]

राम राम मंडळी!

या दोन बरण्या नीट बघून घ्या. डावीकडे आहे रॅमशॉर्न ही पाण्यातली गोगलगाय, चकलीसारखी चपटी, रंगाने लालभडक. उजवीकडे मिस्ट्री स्नेल, हीही पाण्यातलीच गोगलगाय. हिचा शंख पांढरा, त्यात थोडी निळी झाक. दोन्ही इथल्याच, जळगावातल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानातून आणल्यात. दुकानदाराने उजवीकडची ‘अल्बिनो आहे भाऊ, रेअर पीस’ म्हणत चढ्या भावात दिली आणि डावीकडच्या लाल चार वरतावळा म्हणून तशाच पिशवीत टाकल्या.

अल्बिनो म्हणजे जिच्या अंगात गडद रंगद्रव्य बनतच नाही अशी. आता सांगा, यातली अल्बिनो कोणती?

लाल!

[क्लोजअप: मिस्ट्री स्नेल काचेवर चढताना, खालून.]

आधी ही तथाकथित अल्बिनो बघू. काचेवर चढली की तिचा पाय दिसतो, म्हणजे ज्यावर ती सरकते तो मांसल तळवा. हा बघा, काळपट करडा. मिशांवरही गडद ठिपके. म्हणजे अंगात मेलॅनिन ठासून भरलंय. मेलॅनिन हे तेच काळं-तपकिरी रंगद्रव्य, जे आपल्या केसांत आणि कातडीत असतं. हिचा फक्त शंख बिनरंगाचा आहे, थोडा आरपार दिसणारा. आतलं काळं अंग त्यातून दिसतं म्हणून वरून निळी झाक येते. या जातीला बाजारात ‘ब्लू’ म्हणतात. अल्बिनो म्हणायचं काही कारणच नाही.

[क्लोजअप: लाल रॅमशॉर्न, पाठीमागून टॉर्चचा उजेड.]

आता ही लाल. हिच्या अंगात मेलॅनिन बनत नाही. मग लाल कशाने? रक्ताने! बहुतेक गोगलगायींच्या रक्तात हिमोसायनिन असतं. त्यात तांबं असतं, ऑक्सिजन मिळाला की ते निळसर होतं. पण रॅमशॉर्नचं घराणं, प्लॅनॉर्बिडी, याला अपवाद आहे. यांच्या रक्तात चक्क हिमोग्लोबिन असतं, लोह असलेलं, लाल. साध्या तपकिरी रॅमशॉर्नचं रक्तही असंच लाल असतं, फक्त वर मेलॅनिनचा थर असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही. थर गेला की आतलं रक्त दिसायला लागलं.

थोडक्यात काय, अंगाचा रंग एक खातं आणि शंखाचा रंग दुसरं खातं. शंख तयार होतो मॅन्टलच्या कडेला, म्हणजे शंखाच्या तोंडाशी असलेल्या मांसल पडद्यातून, आणि रंग तिथेच त्यात मिसळला जातो. अंगातलं मेलॅनिन बंद पडलं म्हणून शंखाचा प्रत्येक रंग बंद पडेलच असं नाही. मिस्ट्री स्नेलमध्ये हे अगदी मजेत दिसतं. शंख पिवळा आणि अंग फिकं, तर ‘गोल्ड’. शंख पांढरा आणि अंगही फिकं, तर ‘आयव्हरी’. शंख पांढरा पण अंग गडद, तर आपली ही ‘ब्लू’. त्यावर परत शंखावरचे पट्टे असणं-नसणं वेगळंच. अल्बिनो हवीच असेल तर दुकानात आयव्हरी मागा, ती त्यातल्या त्यात जवळची. आणि शंख बघून पैसे देऊ नका, आधी पाय बघा.

आता मुद्द्याचं. ही लाल आली कुठून, आणि हिच्यापासून पुढे काय निपजणार?

प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मेलॅनिन बनवण्यासाठी लागणाऱ्या एखाद्या जीनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते. गोगलगाय तपकिरीच दिसते. दोन्ही बिघडल्या तरच रंग जातो. म्हणून अल्बिनोपणा हा सुप्त गुण. आपल्या कपाशीवाल्यांना हे शाळेत न शिकताही माहीत आहे. संकरित बियाण्याचं शेत पहिल्या वर्षी एकसारखं उभं राहतं, पण त्याचीच सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली की एक झाड उंच, एक बुटकं, एकाला बोंडं मोठी, एकाला बारीक. पहिल्या पिढीत दबलेलं दुसऱ्या पिढीत वर येतं. गोगलगायीतही हेच होतं.

शुद्ध तपकिरी आणि लाल यांची जोडी लावली तर पहिली पिढी सगळी तपकिरी. त्या पिल्लांची आपसात जोडी लावली तर चारात सरासरी एक लाल. आणि आता गंमत ऐका. उरलेल्या तीन तपकिरींपैकी दोन जणी बिघडलेली प्रत पोटात बाळगून असतात, दिसायला मात्र तिघी सारख्याच. म्हणजे लाल गोगलगाय स्वतःबद्दल सगळं सांगून टाकते, तपकिरी काहीही सांगत नाही.

‘रेअर’ शब्दाची हवा इथेच निघते. समजा एखाद्या मोठ्या तळ्यात दहा हजारांत एक अल्बिनो निघते. मग बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या किती असतील? दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे एक प्रत बिघडलेली असण्याची शंभरात एक. प्रत्येकीकडे प्रती दोन, म्हणून साधारण पन्नासात एक. डोळ्याला दुर्मिळ, पण जीन गावभर. त्यातून हौशी लोक अशा दोन-चार गोळा करतात, आपसात लावतात, आणि लाल गुणिले लाल म्हणजे सगळी लालच. दोन पिढ्यांत टाकी भरते. त्यात दुर्मिळ ते काय राहिलं?

[हातात भिंग.]

ज्यांच्याकडे लाल रॅमशॉर्न आहेत त्यांनी भिंग घेऊन मिशांच्या मुळाशी बघा. पाण्यातल्या या गोगलगायींचे डोळे तिथे असतात, टोकाला नाही. काहींच्या डोळ्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसतो, काहींचा नाही. रॅमशॉर्नची एक नातेवाईक आहे, बायोम्फॅलॅरिया ग्लॅब्राटा. तिच्यात याच गुणाच्या तीन पायऱ्या सापडल्यात: पूर्ण रंगीत, मग अंग फिकं पण डोळे काळे, आणि शेवटी डोळ्यांसकट बिनरंगी. पहिली दुसरीवर भारी, दुसरी तिसरीवर. तेव्हा ‘रंग आहे’ आणि ‘रंग नाही’ एवढ्या दोनच खिशांत सगळं बसत नाही.

ही बायोम्फॅलॅरिया हौसेसाठी नाही, रोगासाठी प्रसिद्ध आहे. माणसांना होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या आजाराचा कृमी तिच्यात वाढतो. 1955 मध्ये न्यूटन नावाच्या संशोधकाने संकर करून अशी वाण तयार केली, जी अल्बिनोही होती आणि या कृमीची लागण सहज होणारीही होती. रंगाचा उपयोग काय? खूण म्हणून! कारण या गोगलगायी उभयलिंगी असतात. प्रत्येकीत नर-मादी दोन्ही. जोडीदार मिळाला तर शक्यतो संकर करतात, नाही मिळाला तर एकटीच स्वतःच्या बीजावर अंडी घालते. मग अंड्यातून आलेलं पिल्लू दोघींचं की एकटीचं, कसं ओळखणार? अल्बिनो आई असली की सोपं. तिच्या अंड्यातून तपकिरी पिल्लू आलं तर बाप नक्की बाहेरचा. तिच्याकडे रंगाची चांगली प्रत देण्याजोगी नाहीच.

हाच डाव घरी टाकता येतो. तुमच्या तपकिरी रॅमशॉर्नमध्ये लाल लपलाय का, हे बघायचंय? एक लाल पिल्लू लहान असतानाच वेगळ्या बरणीत वाढवा. मोठी झाली की तपकिरीसोबत काही दिवस ठेवा, मग दोघींना परत वेगळं करा, नाहीतर कोणती अंडी कोणाची ते कळणार नाही. लक्ष फक्त लाल आईच्या अंड्यांवर. पारदर्शक जेलीचा चपटा गोळा असतो, काचेला नाहीतर पानामागे चिकटलेला. साधारण दोन आठवड्यांच्या आत पिल्लं दिसतात. तपकिरीत एक प्रत लपलेली असेल तर प्रत्येक पिल्लू लाल निघण्याची शक्यता अर्धी. तरीही ओळीने दहा तपकिरी निघण्याची शक्यता 1024 मध्ये एक. म्हणजे दहा पिल्लं तपकिरी निघाली की तुमची तपकिरी शुद्ध समजायला हरकत नाही. काही लाल, काही तपकिरी निघाली तर मात्र घाई नको. ती लाल पिल्लं आईने एकटीनेही काढलेली असू शकतात. तशा वेळी प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं आहे का ते बघायचं आणि तपकिरीलाही वेगळ्या बरणीत एकटीला अंडी घालू द्यायची. तिच्या स्वतःच्या पिल्लांत एक जरी लाल निघाली तर विषय संपला.

एक सांगतो, हा प्रयोग मे महिन्यात सुरू करू नका. भुसावळ-जळगावच्या उन्हात छोट्या बरणीतलं पाणी दुपारी किती तापतं ते मी सांगायला नको. दिवाळीनंतर करा.

मिस्ट्री स्नेलला हा डाव जसाच्या तसा लावू नका. त्यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी, एकटीचं भागत नाही. पण मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. दुकानातून आणलेली मादी तुमच्या टाकीत एकटी असतानाही अंडी घालते आणि पिल्लं तीन रंगांची निघतात. मग लोक म्हणतात, चमत्कार झाला! चमत्कार कसला, दुकानाच्या टाकीतले नर ते. रंगाचा हिशोब लावायचा असेल तर मादी पिल्लू असल्यापासून वेगळी हवी.

आणि हो, शंख पांढरा पडणं म्हणजे दरवेळी जीनच असं नाही. घरचं आरओचं पाणी टाकीत घालणारे बरेच आहेत. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. मग शंखाचं वरचं आवरण झिजतं, टोकाकडून पांढरे खड्डे पडतात. तो रंग पिल्लांत उतरत नाही. गोगलगायींना आपलं बोअरचं जड पाणीच मानवतं, ज्या पाण्याने आपल्या बादल्या पांढऱ्या होतात तेच.

[कॅमेऱ्याकडे सरळ.]

आता जमिनीवरच्या अल्बिनोबद्दल. तळहाताएवढी दिसणारी पांढऱ्या अंगाची, तपकिरी शंखाची गोगलगाय व्हिडिओत बघून बरेच जण विचारतात, कुठे मिळेल? ती आफ्रिकन जायंट, लिसाकॅटिना फुलिका. चीनमध्ये तिची पांढऱ्या अंगाची वाण खाण्यासाठी वाढवतात. अंग पांढरं, शंख मात्र तपकिरीच, म्हणजे दोन खात्यांची गोष्ट इथेही तीच. पण पाळू नका. ही भारतात 1847 मध्ये आली. बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती तिथल्या बागेत सुटली. पुढे काय झालं ते आपण भोगतोय. 2022 मध्ये मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, ते आठवत असेल. ही आफ्रिकन बाई एका वेळी शे-दोनशे अंडी सहज घालते. शहादा-तळोद्याकडे पपईच्या बागा आहेत, आणि पपई तिची आवडती. वर ती उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीची वाहक, जो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. रंग पांढरा असला म्हणून यातलं काही कमी होत नाही.

पाण्यातल्यांनाही हेच लागू. पिल्लं जास्त झाली म्हणून मेहरूण तलावात किंवा शेताच्या पाटात सोडायची नाहीत. मिस्ट्री स्नेलची एक चुलत बहीण, पोमेसिया कॅनालिक्युलाटा, दक्षिण अमेरिकेतून तैवानला खाण्यासाठी नेली होती. तिने आशियाभर भातशेतीची वाट लावली.

मिस्ट्री स्नेलचं एक बरं आहे, अंडी पाण्याच्या वर, काचेच्या कडेला घालते. गुलाबी गुच्छ असतो, लगेच दिसतो. पिल्लं नको असतील तर तो अलगद सोडवून पिशवीत घालायचा, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि मग कचऱ्यात टाकायचा. फक्त पिशवीवर काहीतरी लिहा, नाहीतर घरचे जांभळाचा गर समजून बाहेर काढतील.