आठवा दिवस, न्यूयॉर्क

(दृश्य : काळा पडदा. पिवळसर अंकांचे घड्याळ. सेकंदांचे ठोके.)

एक भाग म्हणजे एक तास आणि चोवीस भागांचे पर्व म्हणजे एक अख्खा दिवस, हा '24' या अमेरिकी मालिकेचा हिशेब 6 नोव्हेंबर 2001 रोजी दाखवलेल्या पहिल्या भागापासूनच ठरलेला होता. जाहिराती वगळल्या तर प्रत्येक भाग जेमतेम पाऊण तासाचा भरत असे. पण जाहिराती चालू असतानाही कथेतले घड्याळ थांबत नसे, त्यामुळे प्रेक्षक परत येईपर्यंत गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असे आणि मघाशी वाहणाऱ्या जखमेवर पट्टीही बांधून झालेली असे. मालिकेचा नायक जॅक बावर याचे शत्रू दर पर्वात बदलत गेले, घड्याळ मात्र कायम राहिले. आठव्या पर्वात तेच घड्याळ त्याला हरवते, आणि म्हणूनच हे पर्व बाकीच्यांपेक्षा वेगळे काढून पाहण्याजोगे आहे.

(दृश्य : न्यूयॉर्कचे आकाश, पुलांवरची वाहतूक, संयुक्त राष्ट्रांची इमारत.)

फॉक्स वाहिनीवर 17 जानेवारी 2010 रोजी सुरू झालेल्या या पर्वाचा दिवस दुपारी चार वाजता उजाडतो. पहिली सहा पर्वे लॉस एंजेलिसमध्ये आणि सातवे वॉशिंग्टनमध्ये घडवल्यानंतर लेखकांनी दहशतवादविरोधी पथकाला, म्हणजे 'सीटीयू'ला, न्यूयॉर्कमध्ये आणले होते. चित्रीकरणाचा बहुतांश भाग तरीही लॉस एंजेलिसमध्येच झाला, आणि खिडक्यांबाहेर दिसणारे न्यूयॉर्क पुष्कळदा संगणकाने मागे चिकटवलेले आहे, हे एकदा लक्षात आले की नजर हटकून तिकडेच जाते.

कीफर सदरलँडने साकारलेला जॅक या वेळी पहिल्यांदा दिसतो तो सोफ्यावर बसून नातीबरोबर कार्टून पाहताना. नातीचे नाव टेरी आहे, आणि पहिल्या पर्वाच्या शेवटच्या तासात मारल्या गेलेल्या त्याच्या बायकोचेही तेच नाव होते. मुलगी, जावई आणि नात यांच्याबरोबर लॉस एंजेलिसला परतण्याचे त्याने ठरवलेले असते. पण तेवढ्यात एक जखमी खबऱ्या त्याच्या दारात येऊन उभा राहतो आणि आजोबांचे निवृत्त आयुष्य पहिल्याच तासात आटोपते.

(दृश्य : दोन राष्ट्रध्वज, लांबलचक टेबल, कराराची कागदपत्रे.)

न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी शांतता कराराच्या वाटाघाटी चालू असतात. कामिस्तान या काल्पनिक इस्लामी देशाचे राष्ट्राध्यक्ष ओमर हसन अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडून देण्यास तयार झालेले असतात, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष ॲलिसन टेलर हा करार तडीस न्यायचाच अशा निर्धाराने बसलेल्या असतात. हसन यांच्या हत्येचा कट त्यांच्याच भावाने, फरहादने, रचलेला असतो.

हसन यांची भूमिका अनिल कपूर यांनी केली होती. 2008 सालच्या 'स्लमडॉग मिलियनेअर'नंतर परदेशी निर्मात्यांना ओळखीचा झालेला हा चेंबूरचा नट एका नकाशाबाहेरच्या देशाचा प्रमुख म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत पोचला, आणि त्याच्या मुलीचे, कायलाचे, काम करणारी नाझनीन कॉन्ट्रॅक्टर हीदेखील जन्माने मुंबईचीच. त्या काळच्या अमेरिकी मालिकांत मुस्लिम राष्ट्रप्रमुख सहसा खलनायक तरी असे किंवा हातचे बाहुले तरी. हसन यांना मात्र लेखकांनी पुरेसे अडचणीचे माणूसपण दिले. ते पत्नीशी प्रामाणिक राहिलेले नसतात, हल्ल्यानंतर संशयाने पछाडून स्वतःच्याच माणसांची धरपकड सुरू करतात, आणि तरीही करारावरची त्यांची निष्ठा खोटी वाटत नाही.

पर्वाच्या मध्यावर मात्र वाट चुकते, हे मान्य करायला हवे. पथकातली विश्लेषक डेना वॉल्श आणि तिच्या पूर्वायुष्यातून पैशांसाठी तिच्या मानगुटीवर येऊन बसलेला एक टवाळ तरुण, यांचे उपकथानक इतके लांबवलेले आहे की किरणोत्सारी बाँब शहरात येऊ घातलेला असताना आपण एका चिल्लर गुन्हेगाराचे प्रेत कुठे लपवले जाते आहे ते पाहत बसतो. डेना हीच फितूर आहे हा पुढचा धक्का त्या रटाळ तासांची पूर्ण भरपाई करत नाही.

(दृश्य : पहाट. रिकामे रस्ते. पडदा चार चौकोनांत विभागला जातो.)

मालिकेची विभागलेल्या पडद्याची पद्धत सहसा दूरध्वनीच्या संभाषणासाठी वापरली जाई. पण आठव्या पर्वाच्या पहाटे तिच्यातून खरी घालमेल उभी राहते. हसन यांना आमच्या ताब्यात द्या, नाहीतर मॅनहॅटनमध्ये बाँब फोडू, अशी मागणी दहशतवाद्यांकडून येते. टेलर ती फेटाळतात. त्यांच्याच भोवतालचे काही अधिकारी त्यांना अंधारात ठेवून हसन यांना परस्पर सोपवण्याचा बेत करतात. आणि तो बेत जॅकने उधळल्यावर हसन, परक्या शहरातल्या परक्या माणसांसाठी, स्वतःहून जाऊन मारेकऱ्यांच्या हाती लागतात.

सकाळी सात ते आठचा तास हा या पर्वाचा कणा आहे. खुर्चीला बांधलेल्या हसन यांच्यावर कॅमेऱ्यासमोर खटल्याचे सोंग चालवले जाते, ते चित्र सर्वत्र प्रक्षेपित होत असते, आणि तिकडे जॅक पथकासह त्या इमारतीत शिरून दारामागून दार फोडत पुढे सरकत असतो. प्रेक्षकाला आठ वर्षांची सवय लागलेली असते की शेवटच्या सेकंदाला जॅक पोचतोच. तो पोचतोही. पण प्रक्षेपण थेट नसते, आधी चित्रित केलेले असते. पडद्यावर हसन अजून बोलत असतात, आणि खोलीतल्या खुर्चीत त्यांचा देह केव्हाच निष्प्राण झालेला असतो. ज्या मालिकेने प्रत्यक्ष वेळेत घडणारी गोष्ट हेच आपले वैशिष्ट्य मानले, तिने नेमक्या याच ठिकाणी 'थेट' या शब्दानेच फसवावे, ही कारागिरी दाद देण्यासारखी आहे.

पुढच्याच तासात जॅकची सहकारी आणि प्रेयसी रेने वॉकर गोळीला बळी पडते, आणि जॅकच्या आयुष्यातले उरलेसुरले घरही संपते. त्यानंतरचा जॅक देशासाठी नव्हे, सूडासाठी माणसे मारतो, आणि पथक त्याच्याच मागावर निघते. ज्या छळाच्या पद्धतींना आधीच्या पर्वांनी निरुपाय म्हणून पाठीशी घातले होते, त्या आता रेनेला मारणाऱ्या रशियन मारेकऱ्याच्या शरीरावर, फोनचे गिळलेले सिमकार्ड पोट फाडून काढण्यापर्यंत, वापरल्या जातात तेव्हा कॅमेरा त्यांना शौर्याचा मुलामा देत नाही.

टेलर यांची घसरण मात्र याहून अस्वस्थ करते, आणि चेरी जोन्स यांनी ती फार संयमाने रंगवली आहे. करार वाचावा म्हणून त्या आधी कलंकित माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स लोगन यांचा सल्ला घेतात, मग हत्येतील रशियाचा हात झाकतात, आणि शेवटी हसन यांच्या जागी आलेल्या त्यांच्या विधवेलाच, डालियाला, सही न केल्यास लष्करी हल्ल्याची धमकी देतात. शांततेच्या कागदासाठी युद्धाची धमकी देणाऱ्या या बाई एकेक पायरी खाली उतरताना प्रत्येक वेळी स्वतःला योग्यच वाटत असतात. ऐन सहीच्या क्षणी मात्र त्या हात आखडता घेतात.

हसन मारले गेल्यानंतर तीन वर्षांनी, 4 ऑक्टोबर 2013 रोजी, 'कलर्स' वाहिनीवर '24'ची हिंदी आवृत्ती सुरू झाली. खुर्चीत बांधला गेलेला नट तिथे जयसिंग राठोड होऊन स्वतःच घड्याळामागे धावू लागला. दिग्दर्शनाची धुरा रमेश आणि सीमा देव यांचे पुत्र अभिनय देव यांनी सांभाळली.

(दृश्य : ड्रोनच्या कॅमेऱ्यातून दिसणारा, वर पाहणारा जॅक.)

न्यूयॉर्कच्या त्या दिवसाचा शेवटचा तास 24 मे 2010 रोजी प्रसारित झाला. जॅकला आता रशिया आणि अमेरिका दोघेही शोधणार असतात. पथकाच्या पडद्यावर त्याची जुनी सहकारी क्लोई ओब्रायन त्याला वरून पाहत असते, आणि इतकी वर्षे पाठ राखल्याबद्दल तो तिचे आभार मानतो. तो निघून जातो. डोळे भरून आलेली क्लोई ड्रोनचे चित्र बंद करायला सांगते, आणि आठ पर्वे पुढे पळत आलेले घड्याळ या वेळी उलटे मोजत शून्यावर येते.

(पडदा काळा.)