चिपमधली बीप: कुठल्या रजिस्टरात काय लिहायचं

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, आज आकडे बरेच आहेत.

उपकरणाचं बटण दाबल्यावर येणाऱ्या 'टुक्'साठी वेगळा बझर लागतोच असं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएलव्ही३२०डॅक३१०० या ऑडिओ चिपमध्ये साइन लहर तयार करणारा बीप जनरेटर मुळातच असतो. त्याची नऊ रजिस्टरं, म्हणजे चिपमधले आकडे ठेवायचे क्रमांकित कप्पे, पेज शून्यावर (कप्प्यांच्या पहिल्या गटात), ७१ ते ७९.

पहिली मेख अशी, की हा जनरेटर फक्त २५ क्रमांकाच्या प्रोसेसिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे आवाजावरच्या प्रक्रियांच्या तयार संचात, आहे. रजिस्टर ६० मध्ये २५ लिहिलं नाही, तर बाकी सगळं बिनचूक असूनही स्पीकर गप्प. हे काम डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा संकेत करणारा भाग, सुरू करण्याआधीच उरकावं.

आता स्वर. चिपला थेट हर्ट्झ सांगता येत नाहीत. एका सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एका आकड्यागणिक, लहर किती कोन पुढे सरकते ते काढायचं, आणि त्या कोनाचे साइन व कोसाइन प्रत्येकी ३२,७६८ ने गुणून द्यायचे. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) आणि स्वर १ किलोहर्ट्झ हवा असेल, तर एका आवर्तनात ४८ सॅम्पल, म्हणजे कोन साडेसात अंश. साइन येतो ४,२७७, कोसाइन ३२,४८८. एका रजिस्टरात २५५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून प्रत्येक किंमत २५६ ने भागून भागाकार आधीच्या आणि बाकी पुढच्या रजिस्टरात. लिहून घ्या: साइनसाठी ७६ मध्ये १६, ७७ मध्ये १८१; कोसाइनसाठी ७८ मध्ये १२६, ७९ मध्ये २३२. या दोन जोड्यांची अदलाबदल झाली की कोन साडेब्याऐंशी अंश होतो आणि स्वर थेट ११ किलोहर्ट्झवर जातो. वयस्कर कानांना तो कदाचित ऐकूच येणार नाही, आणि दोष मात्र स्पीकरला!

लांबी सॅम्पलमध्येच मोजतात. २०० मिलिसेकंदांना ९,६०० सॅम्पल: ७३ मध्ये शून्य, ७४ मध्ये ३७, ७५ मध्ये १२८. पुढे कुणी सॅम्पल रेट १६ किलोहर्ट्झ केला, तर याच आकड्यांवर स्वर ३३३ हर्ट्झवर उतरतो आणि बीप ६०० मिलिसेकंद रेंगाळते. रेट बदलला की सगळं गणित नव्याने.

आवाजाची पातळी उलटी चालते. शून्य म्हणजे अधिक २ डेसिबल, सर्वांत मोठा आवाज, आणि तोच मूळ सेटिंगला असतो. संगीत चालू असताना त्यात इतकी मोठी बीप मिसळली की बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो. आकडा एकाने वाढला की आवाज एक डेसिबलने उतरतो, म्हणून उणे २० डेसिबलसाठी २२ पुरेसं: आधी ७२ मध्ये (उजव्या बाजूसाठी) २२, आणि सर्वांत शेवटी ७१ मध्ये (डाव्या बाजूसाठी) १५०, म्हणजे २२ अधिक सुरू करणाऱ्या बिटचे १२८. बीप संपली की तो बिट आपोआप शून्य होतो. वाजत असताना स्वर किंवा लांबी बदलता येत नाही. त्यामुळे ७१ वाचावं, किंमत १२८ च्या खाली आली की मगच पुढची बीप.

आवाजाचे आकडे आणणाऱ्या डेटा लाइनवर काही नसलं तरी चालेल, चिपला ताल देणारा क्लॉक मात्र हवाच. पीएलएल, म्हणजे चिपचे आतले क्लॉक तयार करणारा भाग, डेटासोबत येणाऱ्या बिट क्लॉकवर चालवला असेल आणि गाणं थांबताच प्रोसेसरने तो बंद केला, तर बीपही थांबते. अशा वेळी एमक्लॉक (मास्टर क्लॉक) पिनवर स्वतंत्र क्लॉक द्यावा, नाहीतर बीप संपेपर्यंत बिट क्लॉक चालू ठेवावा.