औषध गाठीपर्यंत पोहोचलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात ज्यांच्या घरात कुणी कर्करोगावर केमो घेतली आहे, त्यांना ते ‘लाल औषध’ आठवत असेल. नाव डॉक्सोरुबिसिन. सलाईनच्या नळीतून तांबडंलाल उतरतं, मग लघवीही लालसर होते आणि माणूस घाबरतो. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो. खरी काळजी दुसरीच आहे. हे औषध गाठीपुरतं थांबत नाही. केस जातात, तोंड येतं आणि एकूण मात्रा वाढत गेली तर हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. म्हणून तर डॉक्टर आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतात.

हेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कुपीत भरून द्यायला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. कुपी साधारण १०० नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईनं वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींत फटी राहतात. त्यांतून या कुपीसारखे सूक्ष्म कण आत झिरपतात आणि निचरा धड नसल्यानं तिथंच रेंगाळतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी हे १९८६ मध्ये मांडलं.

पण पोहोचतात किती? प्राण्यांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत गेले जेमतेम ०.७ टक्के! बाकीच्यांतले बरेचसे यकृत आणि प्लीहा टिपून घेतात.

म्हणूनच मला औषध आणि चित्रण एकाच कणात आणण्याचं काम फार मोलाचं वाटतं. कणात औषधाबरोबर लोहाच्या ऑक्साइडचा गाभा ठेवला, की तो जिथं साठतो तिथं एमआरआयचं चित्र काळवंडतं. समोरच्या रुग्णाच्या गाठीत कण शिरले की नाही, ते दिसतं. दोन बायकांचा स्तनाचा कर्करोग कागदावर एकसारखा असला, तरी कण दोघींच्या गाठीत सारखेच शिरतील असं नाही. एखादीच्या गाठीत शिरलेच नाहीत, तर तिला केमोचे सगळे डोस सोसायला लावण्याआधी उपचार बदलता येईल.

मात्र चित्रात दिसतो तो कण. त्यातून औषध सुटलं का, हे त्यावरून कळत नाही. संशोधक सध्या याच प्रश्नाशी झगडत आहेत. असे बहुतेक कण अजून प्रयोगशाळेत किंवा माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत आहेत. तेव्हा ‘नॅनो’ म्हणून कुणी पुडी किंवा थेंब विकायला आलं, तर ते वापरण्याआधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा आणि चालू असलेली केमो थांबवू नका.