चौसष्ट ठोके आणि एक आवाज

[दृश्य : लाकडी फरशीचं सभागृह. मंचावर फिडल (म्हणजे व्हायोलिन), पियानो, गिटार. वादक सूर जुळवताहेत.]

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या पट्ट्याला न्यू इंग्लंड म्हणतात. तिथे, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रीनफिल्ड गावी, गायडिंग स्टार ग्रेंज नावाचं सभागृह आहे. ग्रेंज ही १८६७ साली सुरू झालेली शेतकऱ्यांची संघटना. या सभागृहात लोक काँट्रा डान्ससाठी, म्हणजे लांब रांगांत जोडीजोडीने नाचायच्या लोकनाचासाठी जमतात.

जोडीदार बरोबर आणलाच पाहिजे, असं इथे नाही. दर नाचाला नवा जोडीदार शोधायचा, हीच रीत आहे. मंचावर जाऊन नाच सांगणाऱ्याला कॉलर म्हणतात. तो माईकजवळ येतो आणि पुकारतो, "हँड्स फोर!"

बँडच्या बाजूने सुरुवात करून लोक चौघाचौघांत हात धरतात. दोन जोड्यांचं एक रिंगण. एक जोडी 'वन्स', दुसरी 'टूज'. नाचाची फेरी संपली की वन्स ओळीत खाली सरकतात, टूज वर, आणि प्रत्येकासमोर नवी जोडी येते. टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबून उलट निघते. म्हणजे संध्याकाळी एकट्याने आत आलेला माणूस पहिल्या नाचातच परक्या माणसांचे कितीतरी हात धरून बसलेला असतो. ओळख करून देण्याचं काम नाचाची रचनाच करते.

[दृश्य : कॉलरच्या हातातलं कार्ड, जवळून.]

आता हे कार्ड पाहा. पोस्टकार्डाएवढं, वर नाचाच्या हालचाली लिहिलेल्या. धून दोन भागांची असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. चार तुकडे, प्रत्येकी १६ ठोक्यांचे, एकूण ६४. कार्डावरही चारच ओळी. लय मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांची, त्यामुळे अख्खी फेरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपते.

समजा, पहिल्या तुकड्यात शेजाऱ्याबरोबर, म्हणजे समोरच्या जोडीतल्या माणसाबरोबर, 'बॅलन्स अँड स्विंग' आहे. बॅलन्स म्हणजे हात धरून एकमेकांकडे पाऊल टाकून मागे येणं. त्याला ४ ठोके, स्विंगला १२. स्विंगमध्ये दोघांचे उजवे पाय मध्याजवळ रोवलेले, डाव्या पायाने जमीन ढकलत गिरकी घ्यायची, आणि चक्कर येऊ नये म्हणून नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. पुढे 'सर्कल लेफ्ट', म्हणजे चौघांनी हात धरून डावीकडे फिरायचं. हे रिंगण नव्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्याला फिरायला लागलं पाहिजे. म्हणून कॉलर ते शब्द आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या चार ठोक्यांत टाकतो. ठोका पडल्यावर बोललं की सगळी ओळ मागे पडते. फार आधी बोललं, तर नवखे स्विंग अर्ध्यावर सोडून धावतात. सगळी कला या चार ठोक्यांत आहे, आणि ती तालमीशिवाय येत नाही.

पहिल्या काही फेऱ्यांना कॉलर सगळं सांगतो. मग शब्द कमी करतो. 'सर्कल लेफ्ट, थ्री प्लेसेस' याचं नुसतं 'सर्कल' होतं. ओळ सावरली की तो बोलणं थांबवतो. खाली पावलं, वर फिडल, मध्ये कुणाचाच आवाज नाही. कॉलरची खरी परीक्षा मला इथेच दिसते. तो गप्प असतो, पण बेसावध नसतो. एखादं रिंगण विस्कटलं की त्याचा एक शब्द नेमका तिथे पोचतो. शेवटी बँडला बोटांनी खूण करतो, अजून किती फेऱ्या ते.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. गावातलं टाउन हॉल, हिवाळा.]

या नाचाची मुळं इंग्लंडच्या कंट्री डान्समध्ये. जॉन प्लेफर्डने १६५१ साली लंडनमध्ये त्यांचा संग्रह छापला. फ्रान्सने हा नाच उचलला आणि पुढे तो युरोपभर गेला. पोर्तुगिजांमार्फत त्याची छाप गोव्यापर्यंत आली. मांडो या तिथल्या नाचगाण्यातही स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा करतात. अमेरिकेत क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ या दुसऱ्या नाचांनी शहरांतल्या लांब रांगा मोडल्या, पण न्यू इंग्लंडमधल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या खेड्यांत त्या टिकल्या. कॉलर राल्फ पेज यांनी त्या खेड्यांतले नाच सांगितले, जमवले, लिहून ठेवले. १९६०च्या दशकात दुसरे कॉलर डडली लॉफमन यांच्या नाचांना तरुण पोरांची गर्दी लोटली. आज देशभर काँट्रा नाचला जातो, त्यात या दोघांचं देणं मोठं आहे. लॉफमन यांना २००९ साली नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

[दृश्य : दारापाशी टेबल, पैशांची पेटी. एक बाई फरशी झाडते आहे.]

कॉलर मंचावर दिसतो. त्याच्याआधी येऊन झाडू घेणारे दिसत नाहीत. सभागृहाचं भाडं, बँडचं मानधन, ध्वनिव्यवस्था, मध्यंतराचं खाणं, सगळं स्वयंसेवकांकडे. बऱ्याच ठिकाणी तिकिटाचे दोन-तीन दर लिहिलेले असतात, ज्याला जो परवडेल तो त्याने द्यायचा. सुरुवातीला अर्धा तास नवख्यांची शिकवणी. पण नवख्यांना खरं शिकवतात ते जुने नाचणारे. दोन नवखे एकमेकांचे जोडीदार झाले तर दोघंही गोंधळतात. म्हणून चांगल्या गटात जुनी माणसं पहिल्याच नाचाला मुद्दाम नव्यांकडे जातात. ज्या गटातले मुरलेले लोक फक्त आपसात नाचतात, तिथे नवा माणूस पुन्हा फिरकत नाही. आयोजकांनी सगळ्यात आधी लक्ष घालावं ते इथे.

अलीकडे जोडीतल्या दोन भूमिकांची नावंही बदलली आहेत. 'जेंट्स' आणि 'लेडीज'ऐवजी अनेक ठिकाणी 'लार्क' आणि 'रॉबिन' अशी पक्ष्यांची नावं पुकारतात. स्विंग संपला की लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. कोणी कुठली बाजू घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही जुन्या मंडळींना हे रुचलं नाही, वाद झाले. मला हा बदल पटतो. दोन बाया किंवा दोन बाप्ये एकत्र नाचले, तर आता कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोना आला आणि दारं बंद झाली. शेकडो हात धरण्याचा हा नाच, तो अंतर राखून होणार कसा? पुढे दारं उघडली तेव्हा बऱ्याच गटांनी मास्क सक्तीचा ठेवला, लसीचा दाखलाही मागितला. किती काळ, यावर आयोजकांच्या बैठका रंगल्या.

[दृश्य : मंचावर एक तरुणी, हातात कार्ड. बाजूला जुना कॉलर.]

नव्या कॉलरला सुरुवातीला अख्खी संध्याकाळ कुणी देत नाही. मधला एखादा नाच देतात, सोपा, चुकला तरी सावरता येईल असा. जुना कॉलर बाजूला उभा राहतो, पण माईकला हात लावत नाही. या तरुणीने घरी संगीत लावून, ठोके मोजत, रिकाम्या खोलीला नाच सांगून पाहिलेला आहे. आता समोर तीन रांगा आहेत. ती श्वास घेते आणि जरा जोरातच पुकारते, "हँड्स फोर!"