पन्नास हजार बिटकॉइन विकण्याचा निर्णय

2024 च्या जानेवारीत जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या पोलिसांच्या ताब्यात जवळजवळ पन्नास हजार बिटकॉइन आले. चित्रपटांच्या बेकायदा प्रती पुरवणारे आणि 2013 मध्येच बंद पडलेले एक संकेतस्थळ चालवल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, त्यांपैकी एकाने ते आपणहून तपास यंत्रणेच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल नाणी ठेवण्याच्या खात्यात, जमा केले होते. त्या वेळच्या भावाने या ऐवजाची किंमत सुमारे दोन अब्ज युरो होती. तो विकावा की राखून ठेवावा, हा एरवी लहान गुंतवणूकदाराची झोप उडवणारा प्रश्न आता सरकारी वकिलांच्या कचेरीत येऊन पोहोचला.

ड्रेस्डेनच्या सरकारी वकिलांनी भावाचा अंदाज बांधत बसण्याचे कारण नव्हते. जप्त मालाची किंमत सुमारे दहा टक्के किंवा त्याहून अधिक घसरण्याचा धोका असेल, तर खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तो विकावा, असा तेथील नियम आहे. आणि बिटकॉइनचा भाव एवढा तर कधी कधी आठवड्याभरातही खालीवर होतो. त्यामुळे 19 जून ते 12 जुलै या काळात, फ्रँकफर्टच्या एका बँकेच्या मदतीने, 49,858 बिटकॉइन टप्प्याटप्प्याने विकले गेले आणि सुमारे 2.64 अब्ज युरो हाती आले. एका बिटकॉइनला सरासरी 53 हजार युरोंच्या आसपास भाव मिळाला.

बिटकॉइनची खातेवही सर्वांसाठी खुली असल्याने, सरकार कधी आणि किती नाणी हलवते आहे, हे जगभरचे सटोडिये घरबसल्या पाहत होते. त्याच सुमारास माउंट गॉक्स या बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या बुडालेल्या एक्स्चेंजच्या जुन्या ग्राहकांनाही त्यांची नाणी परत मिळू लागली आणि जुलैच्या सुरुवातीला भाव काही काळ 55 हजार डॉलरच्या खाली उतरला.

डिसेंबरमध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा जर्मनीने घाई केली असे म्हणणे सोपे झाले. हिशेब म्हणून ते खरेच आहे, परंतु निर्णयाचे मोल नंतरच्या भावावरून करणे न्याय्य नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या घरात गेलेले हेच नाणे वर्षभराने 16 हजारांच्या खाली आले होते. त्या वर्षी असा ऐवज सांभाळत बसलेल्या अधिकाऱ्याने लोकांना काय उत्तर दिले असते?

खासगी गुंतवणूकदाराला असा कोणताही नियम बांधत नाही आणि ही मोकळीकच त्याला महागात पडते. दुप्पट झाले की निम्मे विकू, असे मनाशी ठरवलेला माणूस भाव दुप्पट होताच तिपटीची वाट पाहू लागतो, आणि भाव कोसळला की निदान मुद्दल तरी निघू दे, म्हणून थांबतो. विक्रीची अट खरेदीच्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावी, असे म्हणावेसे वाटते ते याचसाठी.

भारतात ही अट लिहिताना कराचा हिशेबही मांडावा लागतो. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांच्या, नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे. दोन लाखांना घेतलेली नाणी तीन लाखांना विकली, तर एक लाखाच्या नफ्यावर उपकर धरून 31,200 रुपये जातात. दुसऱ्या नाण्यात आलेला तोटा त्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले, तरी कराच्या दृष्टीने ती विक्रीच ठरते. ठरावीक मर्यादेपलीकडील विक्रीवर कापला जाणारा 1 टक्का टीडीएस विवरणपत्रात वळता होतो खरा, पण तोवर ती रक्कम अडकून राहते.

सॅक्सनीची विक्री संपल्यानंतर सहाच दिवसांनी, 18 जुलै 2024 रोजी, वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली नाणी काढून घेणे बंद झाले. ज्यांनी ती आधीच स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवली होती, त्यांना विकायचे की थांबायचे, हे ठरवता येत होते. बाकीच्यांची नाणी डिसेंबरमध्ये भाव एक लाख डॉलरवर पोहोचला तेव्हाही अडकलेलीच होती.