गिअर अडकतो तेव्हा आधी क्लच तपासा

(दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, "गिअर कडक लागतोय" अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की काही गॅरेजांत लगेच सांगून टाकतात, "गिअरबॉक्स गेला, इंजिन उतरवावं लागेल." ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-दीडशे सीसी गाड्यांत गिअरपर्यंत पोचायचं तर इंजिन फ्रेममधून काढून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. घरोघर दूध घालणारा किंवा पार्सल पोचवणारा माणूस तेवढे दिवस घरी बसतो. म्हणून निदान नीट करणं ही आपली जबाबदारी आहे, आणि ते बाहेरून आत जात करायचं.

आत नेमकं काय घडतं ते आधी समजून घ्या. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. आपण पायाने लिव्हर दाबतो तेव्हा खाचा कोरलेला दंडगोल, म्हणजे ड्रम, थोडा फिरतो, त्याच्या खाचेतून फोर्क, म्हणजे दुबेळक्यासारखा काटा, सरकतो आणि तो एका गिअरला शाफ्टवर बाजूला ढकलतो. त्या गिअरच्या अंगावरचे जाड खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. गिअर टाकताना जो 'खट्ट' आवाज येतो तो या डॉगचा. दोन्ही बाजूंच्या वेगात फार फरक असेल तर डॉग आपटतात. तो फरक कमी करायचं काम क्लचचं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सपासून तोडणाऱ्या भागाचं आहे. क्लच पूर्ण सुटला नाही तर गिअरबॉक्स नवाकोरा असला तरी गिअर कडकच लागणार.

इथे एक घोळ नेहमी होतो. क्लच न सुटणं आणि क्लच घसरणं हे दोन उलटे दोष आहेत. घसरतो तेव्हा इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. गिअर मात्र मऊ पडतात. सुटत नाही तेव्हा गिअर अडकतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकला की गाडी झटका देऊन पुढे सरकते. गिअर कडक म्हणून झिजलेल्या क्लच प्लेट बदलून देणं हा चुकीचा इलाज आहे.

दोष कुठे आहे ते ओळखायला एक साधी परीक्षा पुरते. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत एकेक गिअर टाका. चाक फिरवायला विसरू नका, नाहीतर डॉग समोरासमोर येऊन चांगला गिअरही अडकल्यासारखा वाटेल. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडले आणि चालू इंजिनवर अडकले, तर संशय क्लचवर घ्या. दोन्ही वेळा अडकत असतील तर पायाची लिव्हर, तिला जोडणारे सांधे (लिंकेज) किंवा आतलं सिलेक्टर, म्हणजे ड्रम आणि फोर्क, पाहा.

क्लचवर संशय आला की सुरुवात क्लचच्या वायरपासून. बऱ्याच गाड्यांत हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक सांगितलेली असते. ती जास्त झाली की लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाहीत. आणि ती शून्य करून ठेवू नका: त्या दिवशी गिअर मऊ होतील, पण प्लेट सतत घसरून जळतील. कोकणातल्या पावसात वायरच्या नळीत पाणी शिरून गंज धरतो, हँडलपाशी वायरचे धागे तुटायला लागतात. नवी वायर स्वस्त आहे, विचार न करता बदला. आयडलिंगही, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन किती वेगाने फिरतं तेही, बघा. १४०० आरपीएमच्या आसपास असायला हवं तिथे कुणीतरी दोन हजारावर चढवून ठेवलेलं असतं आणि दोष गिअरला लागतो.

मग ऑइल. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांचं वंगण वेगवेगळं असे. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत एकच ऑइल तिन्ही कामं करतं, आणि क्लच त्यातच बुडालेला असतो. त्यामुळे डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२', म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, पाहूनच घ्या. कारचं ऑइल क्लच घसरवू शकतं. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० ओतलं किंवा पातळी वर गेली, तर थंड इंजिनात प्लेट एकमेकींना चिकटून राहतात. सकाळचा पहिला गिअर जोरात वाजतो तो बहुधा यामुळेच, आणि इंजिन तापल्यावर आवाज कमी होत असेल तर काळजीचं कारण नाही.

एवढं करूनही फरक पडला नाही तर साइड कव्हर खोला. इंजिन उतरवावं लागत नाही. स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला, वाकलेली प्लेट लगेच कळते. घाट चढताना हाफ क्लचवर तापवलेल्या प्लेट हमखास वाकतात. क्लच हौसिंगच्या बोटांवरून नख फिरवा. प्लेटच्या कानांनी तिथे खाचा पाडल्या असतील तर प्लेट त्यात अडकतात, आणि नव्या प्लेट टाकूनही तक्रार परत येते. नव्या फ्रिक्शन प्लेट ऑइलमध्ये भिजवूनच बसवा.

पायाच्या गिअर लिव्हरबद्दल थोडक्यात. पडलेल्या गाडीची लिव्हर वाकते, ती शाफ्टवर बसते तिथले दाते (स्प्लाइन) झिजतात, सांध्यात चिखल बसतो. चेन सैल असेल तरी प्रत्येक गिअरला झटका बसतो.

इंजिन खरंच उघडावं लागतं ते गिअर सुटतो तेव्हा. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की गाडी आपोआप न्यूट्रलला येते, म्हणजे डॉगचे कोपरे गोल झालेत किंवा फोर्क वाकलाय. गिअर लिव्हरवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांचे फोर्क लवकर झिजतात, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. अशा वेळी एकच गिअर बदलून भागत नाही. त्याच्या डॉगसमोरचा गिअर आणि फोर्कही तपासा, झिजला असेल तर बदला. केस बंद केल्यावर, इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी, शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर वर-खाली टाकून बघा.