माश्यांची बेगमी

मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना ‘मधमाशीपालनातल्या तज्ज्ञ’ असं म्हणाले. तज्ज्ञ वगैरे काही नाही हो. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला आमची सव्वादोन एकर जमीन आहे. आज तिथं सात पेट्या आहेत. आणि पहिली पेटी माझ्याच हातानं मेली. ती कशी मेली ते आधी सांगते, त्यात बाकीचं बरंचसं येऊन जाईल.

पेटी आणली ती मधासाठी नव्हे. त्या वर्षी बियाण्यासाठी कांदा लावला होता. कांद्याचा गोंडा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण एकदा हातात धरून नीट बघा. एका गोंड्यात बारीक बारीक शेकडो फुलं असतात. प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे स्वतःचे पराग त्याला वेळेवर मिळतच नाहीत, दुसऱ्या फुलाचे कुणीतरी आणून द्यावे लागतात. ते काम माशीचं. त्या मार्चमध्ये गोंडे असे भरले, की मी पेटीवर बेहद्द खूश झाले. पुढे जांभूळ फुलला, मग हिरडा. मे महिन्यात वरची मधकोठी जड लागली.

तिथं चुकले. मधकोठीतला मध काढून थांबायला हवं होतं. पण खालच्या कप्प्यात, जिथं पिल्लं वाढतात, तिथल्या पोळ्याच्या चौकटींच्या वरच्या कडेलाही मध दिसत होता, आणि पुण्याच्या नातेवाइकांना बाटल्या कबूल करून बसले होते. तोही काढला. जूनमध्ये पाऊस लागला, तो आमच्याकडचा पाऊस. आषाढात एक दिवस उघडीप मिळाली तेव्हा दारात हालचाल दिसेना, म्हणून झाकण काढलं. मूठभर माश्या होत्या, आणि बहुतेक पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या. नुसती शेपटं बाहेर. उपाशी माशी शेवटचा थेंब शोधत अशी आत शिरते आणि तिथंच राहते. सातेरी, म्हणजे आमच्या पेटीतली देशी माशी, उपाशी पडली की एरवी पोळं सोडून उडून जाते. त्या पावसात जाणार कुठं?

सासूबाई म्हणाल्या, “अगं, आपण मेमध्ये सरपण भरतो, गोवऱ्या भरतो, कडधान्याला राख लावून ठेवतो. तू त्यांची बेगमी विकलीस.”

तेव्हापासून नवीन माणसाला मी पेटी घे म्हणत नाही, वही घे म्हणते. वर्षभर आपल्या शेतापासून हाकेच्या नव्हे, चांगल्या किलोमीटरभर अंतरात कधी काय फुलतं ते लिहायचं. तूर, शेवगा, कांदा, जांभूळ, हिरडा, पुढे तीळ, मका, बोर. मक्यात मध नसतो, पण पराग असतो, आणि पिल्लं वाढवायला परागच लागतो. बांधावरची घाणेरी, कडुनिंब, चिंच, सगळं लिहा. कारवीचा फुलोरा सात वर्षांनी येतो, त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. वहीत जे महिने कोरे राहतील ते माश्यांचे दुष्काळाचे महिने. आमचे जून ते ऑगस्ट. तेव्हा खालच्या कप्प्यातल्या मधाला हात लावायचा नाही, आणि तो कमी पडला तर साखर आणि पाणी सारखं घेऊन पाक करायचा, गार करायचा, संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचा. बाहेर सांडला की मुंग्या आणि शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला हजर. गुळाचं पाणी देऊ नका, त्यानं त्यांना हगवण लागते.

कुठली माशी, असा प्रश्न नेहमी येतो. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहात नाहीत. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक पोळी बांधते, म्हणून चौकटींची पेटी तिला मानवते. मेलिफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागं ट्रकमधून फिरवावं लागतं. दोन एकरवाल्यानं सातेरी घ्यावी असं माझं मत आहे. वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तर चांगलं म्हणायचं. त्यावर घर चालणार नाही, पण बियाणं, डाळिंब, सूर्यफूल यांत फरक दिसतो.

नवीन माणूस पेटी सारखी उघडतो. मीही उघडायचे, राणी दिसते का बघायला. राणी शोधूच नका. चौकट उन्हाकडे तिरकी धरा आणि घरांच्या तळाशी बघा. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, उभं अंडं दिसलं की झालं. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथं होती. चौकट परत ठेवा, झाकण लावा, आठ-दहा दिवस विसरा.

डंख बसणारच. नांगी चिमटीत धरून उपटू नका, विषाची पिशवी दाबली जाते. नखानं खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या, कारण डंखाला एक वास असतो, अगदी पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. केळं खाऊन पेटीकडं जायचं नाही, ते एवढ्यासाठी. अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

फवारणीचं थोडक्यात सांगते. पीक फुलात असताना टाळा, करायचीच तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, आणि पहिली बाटली त्याच्या घरी द्या. मी दिलेली नव्हती, दुसऱ्या वर्षी देऊ लागले.

प्रशिक्षणासाठी महाबळेश्वरला खादी मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासूनची मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथं एकदा जाऊन या. पेटी दिवाळीच्या सुमाराला घ्या, पुढं फुलं असतात. रात्री दार जाळीनं बंद करून आणा, सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत बसेल अशी जागा आधीच ठरवा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. नंतर चार-पाच हात सरकवायचीही घाई करू नका. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. बाहेरून आलेल्या जुन्या जागी घोंगावत राहतात.

बरं, बाहेर चिंचेखाली एक पेटी आणली आहे. दोघादोघांनी या, दारासमोर उभं राहू नका, बाजूनं या. आणि मघाशी सत्कारात ज्यांना अत्तर लावलंय त्यांनी जरा लांबूनच बघा.